जेलरोडला नेट नाही

त्र्यंबकमामाचा फोन आला तेव्हा
मी अंबडला, कंपनीच्या कँटीनमध्ये, डब्यातल्या दोडक्यापाशी.
"नेट गेलं," म्हणाला.
लाईट गेली, नळ गेला, असं म्हणतात तसं नव्हे.
शेजारचे अण्णा गेले, तसं.

म्हटलं, डबीवर कुठला दिवा लागलाय ते बघ.
तो बघायला गेला. फार वेळ गेला.
मागून मामीचा आवाज: "अहो, ती इस्त्री आहे!"
"लाल," मामा परत येऊन म्हणाला. "एकच लाल. बाकीचे मेलेत."

बटण बंद करून चालू कर म्हटलं,
तर फोनच बंद पडला.
पाच मिनिटांनी पुन्हा तोच: "केलं. अजून लाल."
"मामा, तू मोबाईल बंद केलास."
"कशाचं बटण, ते तू म्हणालीस का?"

या माणसाने नोटांच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं काढली.
आत जाताना झडती, बाहेर येताना झडती.
आज काय छापलं, हे मामीला
लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशीही कळलं नाही;
तिने त्या दिवशी मुद्दाम बासुंदी केली होती.
अशा माणसाला मी, भरल्या कँटीनमधून,
स्पीकर लावून विचारलं:
"पासवर्ड काय ठेवलायस?"

"सांगणार नाही."

"अरे, मी आहे. रेवती."
"कळलं की. सांगणार नाही."
"मग मी दुरुस्त कसं करू?"
"सांगितलं ना आत्ता!"
"काय सांगितलंस?"
"सांगणार नाही!"

समोरच्या टेबलावरचे क्वालिटीवाले जेवायचे थांबले.

मामीने फोन ओढून घेतला.
"अहो, सांगा ना तिला, परकी का आहे?"
"दहादा सांगितलं!"
"एकदाही नाही!" मी इकडून.
मग रॉटरडॅमहून निनादचा फोन: बाबांना काय बोललीस?
मग सिन्नरच्या मावशीचा. ती म्हणाली,
भाचीवर विश्वास नाही, बहिणीवर तरी कधी होता,
आणि मुसळगावच्या प्लॉटचा सात-बारा
बारा वर्षांनी पुन्हा वर आला,
ओल्या भिंतीवर पोपडा येतो तसा.

मी हाफ डे टाकला.
द्वारकेला चाळीस मिनिटं एका कांद्याच्या ट्रकमागे
गाडी बंद, चालू, बंद, चालू.
(माझाही दिवा लालच होता.)

मामा दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन,
बहुधा झडतीच्या तयारीत.
मला डबीसमोर बसवलं. खिडकी लावली,
कारण समोरच्या गॅलरीत पोतनीसवहिनी कपडे वाळत घालत होत्या.
मामीलाही चहाला पाठवलं.
मग कानाशी येऊन, एकेक अक्षर,
नोटा मोजावं तसं:
एस. ए. एन. जी. एन. ए. आर.
"सगळी लहान. मधे जागा सोडू नको."
एन. ए. एच.
माझं बोट आय वर तसंच राहिलं.

मी त्याच्याकडे पाहिलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा दुखावल्यासारखं.
"मी कधीपासून हेच सांगत नव्हतो का?"

दिवा हिरवा झाला. मामी चहा घेऊन आली
तेव्हा मी जमिनीवर बसून हसत होते
आणि हा माणूस गंभीर.
"आता तुला कळला. कँटीनलाही कळला.
बदलावा लागेल."
"काय ठेवू?"
त्याने बराच विचार केला. चहावर साय धरली.
"तूच ठेव. मला सांगू नकोस. आपण विचारायचं नसतं."

ठेवला. निघाले.
जिन्यात मामी मागे आली: "मला तरी सांग गं, काय ठेवलास?"
"मामाला विचार," मी म्हटलं.
खरं तेच सांगितलं.

द्वारकेला पुन्हा तसाच ट्रक.
खिशात फोन थरथरला. मामी.
"विचारलं त्यांना. ते म्हणतात,
तिने मला सांगितलंच नाही."